म्हाताऱ्याचा कोट

केनी कामावरून येतो तेव्हा आधी त्याची चप्पल ऐकू येते. उचललेली नाही, ओढलेली. मग गेटची कडी, आणि मग "हं". हा "हं" कोणासाठी नसतो. दिवस संपला एवढंच त्यात असतं. मी तो हुबेहूब काढते, आणि माझी आई दर वेळी फसून आतून विचारते, "केनी, चहा टाकू?"

केनी माझा चुलतभाऊ. बावीस वर्षांचा. वसईतल्या सांडोरला आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत आणि मागे त्याच्या वडिलांची, फेबियन काकांची, केळीची वाडी. वाडीत केनीचं मन नाही. तो वसई पूर्वेला एका गाळ्यात शाळेचे युनिफॉर्म शिवतो. शिवतो म्हणजे कॉलर लावतो. दुसरा एक जण बाह्या लावतो, तिसरा काजं करतो. पूर्ण शर्ट त्या गाळ्यात कोणीच शिवत नाही, हे केनीचं दुःख. एकदा कंटाळून त्याने एका खिशावर तिरकी शिलाई मारली, जरा बरं दिसेल म्हणून. मालक हितेशभाईंनी तो शर्ट दोन बोटांत धरून सगळ्या मशीनांवरून फिरवला. आवाज अजिबात चढवला नाही. "केनीभाई, पॉकेट में आर्ट नहीं जाता. पेन जाता है."

घरी आला की मात्र आर्टच. सिमेंटच्या गोण्यांची पँट, दोन कॉलरचा शर्ट. तो शर्ट घालून रविवारी चर्चमध्ये मिस्साला गेला तेव्हा कम्युनियन देताना फादरांचा हात अर्धा क्षण हवेत थांबला. एकदा त्याने केळीच्या खोडाची सोपटं हळदीत आणि बिटात रंगवली आणि नारळाच्या झाडापासून न्हाणीच्या खिडकीपर्यंत ओळीने टांगली. गल्लीतल्या दोघींनी माझ्या आईला हळूच विचारलं की फेबियनकडे सगळं ठीक आहे ना. काका पाण्याचा पाइप हातात घेऊन खाली उभे राहिले.

"हे वाळत घातलंय की लावलंय?"

"लावलंय."

"काढणार कधी?"

"ते आपोआप कुजेल, पपा. तेच त्याचं आहे."

"बरं," काका म्हणाले आणि केळींना पाणी सोडायला गेले. काकांचा तो "बरं" आणि केनीचा "हं" लागोपाठ ऐकले की बापलेक आहेत हे वेगळं सांगावं लागत नाही. घरच्या बोलीत हे सगळं अजून झोंबतं, पण ती तुम्हाला कळायची नाही, म्हणून सरळ मराठीत लिहितेय.

आता म्हाताऱ्याबद्दल. एकतीस डिसेंबरला सरत्या वर्षाचा म्हातारा जाळतात, ते वसईत सगळीकडे आहे. पेंढा आणि केळीची सुकी पानं भरलेला, शर्ट-पँट घातलेला, डोक्यावर टोपी. आमच्या आळीत त्यात एक जास्तीचं आहे. प्रत्येक घर त्याला एक कपडा देतं. कुठलाही जुना नाही. ज्या कपड्यात वर्ष वाईट गेलं, तो. कोणी विचारत नाही का, आणि कोणी सांगत नाही. पिशवी गेटला अडकवतात. रात्री सगळ्यांना मिस्साला जायचं असतं, म्हणून आम्ही म्हातारा संध्याकाळीच पेटवतो. आणि पाच-सहा वर्षं झाली, तो बनवायचं काम केनीचं, कारण दुसऱ्या कोणी बनवला की त्याची मान पडते.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये केनीला मुंबईतल्या एका स्टुडिओतून उत्तर आलं. जुन्या कपड्यांतून नवे कपडे करणारा स्टुडिओ. दोन वर्षं तो त्यांना फोटो पाठवत होता. उत्तर असं होतं की फोटो खूप झाले, नवीन वर्षात एक पूर्ण कपडा घेऊन या, हातात घेऊन बघू. त्या दिवशी केनीची चप्पल उचललेली ऐकू आली.

पण कपडा आणायचा कुठून? दुकानातला नवा तिथे चालणार नव्हता. आणि आळीत जुना मागावा तर सगळ्या बायका म्हणतात भांडीवालीला द्यायचाय, पातेलं येतंय. फुकट जुना कपडा आमच्याकडे एकालाच मिळतो, म्हाताऱ्याला. केनीने दोन कामांचं एक काम केलं. नेहमीपेक्षा लवकर पिशव्या मागायला सुरुवात केली आणि सगळ्या घरांचे कपडे कापून म्हाताऱ्यासाठी एक लांब कोट शिवायला घेतला. शेवटच्या दुपारी कोट काढून घ्यायचा, म्हाताऱ्याला पपांचा फाटका रेनकोट चढवायचा आणि पेटवायचा, असा त्याचा हिशोब. याला कोणाची हरकत असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. लोकांनी टाकलेलेच कपडे होते ना.

दोन महिने तो गाळ्यातून यायचा, जेवायचा आणि मशीनवर बसायचा. डोळे लाल. बोलायला गेलं की तोंडात टाचण्या, म्हणून उत्तर नाकातून. मी सुई ओवून द्यायचे. कोट मात्र असा झाला की मला त्याची नक्कल करता येणार नाही, तो सांगावाच लागेल. गुडघ्याखालपर्यंत लांब. छातीवर आल्बिना मावशींनी दिलेला चौकड्यांचा शर्ट, खिसा जसाच्या तसा. पाठीवर आळीतल्या जॅक्सनच्या, जहाजावर घालायच्या निळ्या डांगरीचं कापड. एक बाही यमुना काकूंच्या पडद्याची, मोठी केशरी फुलं, आणि तिच्यात मध्येच माझ्या नववीच्या युनिफॉर्मची पट्टी. त्या वर्षी मी गणितात गेले होते, म्हणून मी तो दिला होता. त्याची कॉलर बहुतेक केनीनेच लावलेली असणार.

नाताळनंतर म्हातारा क्रुसासमोरच्या चौकात खुर्चीवर बसला आणि लोक थांबू लागले. ही आमची बेडशीट, तो तुमचा परकर. फेबियन काका संध्याकाळी तीनदा काही ना काही निमित्ताने तिथून गेले. घरी येऊन एवढंच म्हणाले की आतून शिलाई नीट आहे. केनी त्या रात्री जेवताना दोनदा हसला.

एकतीस तारखेच्या दुपारी आम्ही दोघं रेनकोट घेऊन चौकात गेलो. केनीने कोटाची वरची दोन बटणं काढली आणि मागून आल्बिना मावशी आल्या. आमच्या समोरच्या. त्यांचे पास्कल काका मे महिन्यात गेले, त्याआधी सात-आठ महिने अंथरुणात होते. मावशींचा आवाज मुळात मोठा, भाजीवाल्याला गल्लीच्या टोकावरून परत बोलावणारा. त्या दिवशी तो आवाज त्यांनी आणला नव्हता. काय करतोस, असं त्यांनी साधंच विचारलं. केनीला खोटं बोलता येत नाही. त्याने स्टुडिओ, मुंबई, कोट, सगळं सांगितलं. तुमचा खिसा किती छान बसलाय, हेही सांगितलं.

मावशींनी खिशावर हात ठेवला.

"मी शर्ट तुला दिला नव्हता, केनी. म्हाताऱ्याला दिला होता."

केनीने बटणावरचा हात काढला.

"शेवटी शेवटी पास्कल हाच शर्ट मागायचा. रोज मी तो धुवायचा, रोज त्याच्या अंगात घालायचा. ते वर्ष मला घरात नको, बाबा. मुंबईतही नको."

मी केनीकडे बघितलं. त्याचा चेहरा गाळ्यातून आल्यासारखा झाला होता. त्याने कोट पूर्ण काढला, क्रुसाच्या पायरीवर बसला आणि खिशातून टाके उसवायचा रिपर काढला. "बसा मावशी. काढून देतो."

मावशी बसल्या. कात्रीने कापून मोकळा कर, असं त्याच म्हणाल्या. केनी म्हणाला, कापलं तर बाजूच्याचं कापड जाईल. एकेक टाका उचलायचा, दोरा ओढायचा. चौकड्यांचा तुकडा सुटून आला तेव्हा छातीत मोठी खिडकी पडली होती. एवढंच असतं तरी त्याने दुसरं काही लावून भागवलं असतं. पण आमच्या आळीत एकाने पाहिलं की सगळ्यांनी पाहिलं. जॅक्सन आला. जहाजाच्या कंपनीने त्याला मध्येच घरी पाठवलं होतं हे आळीला माहीत होतं, पण त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही नाही. "केनी, माझंपण काढ ना यार," एवढंच, आणि मग तो मोबाइलमध्ये बघत उभा राहिला. म्हणजे पाठ गेली. मग बेडशीटवाले आले, मग परकरवाले. कोणी भांडलं नाही. भांडले असते तर केनीने नाही म्हटलं असतं, असं मला वाटतं. सगळे हळू आवाजात, चूक त्यांचीच असल्यासारखे विचारत होते, आणि केनी मान खाली घालून "हं" म्हणत होता. सुटलेला प्रत्येक तुकडा तो मला देत होता आणि मी तो म्हाताऱ्याच्या पेंढ्यावर टाचत होते. वाकडा टाचला की सांगायचा, सँड्रा, सरळ.

यमुना काकू ताटभर भोपळी मिरच्या घेऊन घरी चालल्या होत्या. त्यांची वाडी आमच्या पलीकडे. नाताळ त्यांचा नाही, पण म्हाताऱ्याची पिशवी त्यांच्या सासूच्या काळापासून येते. केनीने स्वतःच विचारलं, काकू, तुमचा पडदा काढू का?

"पडद्याचं काय रे वाईट? मांजराने फाडला म्हणून दिला," काकू म्हणाल्या. "घेऊन जा मुंबईला. दुसरापण आहे."

उजेड कमी झाला तेव्हा केनीच्या मांडीवर एक बाही राहिली होती. केशरी फुलं आणि माझा युनिफॉर्म. बाकी सगळं म्हाताऱ्याच्या अंगावर. रेनकोट लागलाच नाही. पेटवल्यावर आल्बिना मावशी खिसा दिसेनासा होईपर्यंत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, चला, मिस्साला उशीर होईल, आणि आवाज परत नेहमीसारखा होता. केनी मिस्साला बसल्या बसल्या झोपला.

मुंबईला तो जाणारच नव्हता. फेबियन काकांनी ठरल्या दिवशी सकाळी बाही इस्त्री करून पिशवीत घालून ठेवली, म्हणून गेला. माझी सुट्टी होती, म्हणून मीही. स्टुडिओतल्या मॅडम पातळ आवाजाच्या, प्रत्येक वाक्य प्रश्नासारखं संपवणाऱ्या. बाही हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. बाकीचा कोट कुठे आहे? केनी म्हणाला, जाळला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, मावशींच्या आवाजात मावशी आणि यमुना काकूंच्या आवाजात काकू. मॅडम हसल्या नाहीत. त्या बाहीची कड बघत होत्या, जिथून जॅक्सनचं कापड सुटलं होतं. कापड कुठेच ओढलेलं नव्हतं, फक्त सुईची भोकं. त्यांनी कपाटातून एक फार जुनी साडी आणली आणि तिचा जरीचा काठ उसवून दाखवायला सांगितलं. केनी खाली बसला आणि रिपर काढला.

नोकरी मिळाली. उसवायची. जुन्या साड्यांचे काठ, जुन्या शेरवान्यांची अस्तरं, सगळं कापडाला धक्का न लावता सोडवायचं. पुढचं शिवणारे वेगळे आहेत, शिकून आलेले. तुला कधी शिवायला देतील का, हे मी विचारलं होतं. मॅडम म्हणाल्यात बघू, असं तो म्हणाला, आणि तो "बघू" त्याने मॅडमच्याच आवाजात काढला. त्याला नक्कल जमते हे मला तेव्हा कळलं. फेबियन काकांनी बातमी ऐकली आणि विचारलं, म्हणजे आधी जोडायचे पैसे मिळायचे, आता सोडायचे? बरं. हितेशभाईंनी शेवटच्या दिवशी पेढा भरवला. "तू उधर खोलना, हम इधर जोड़ेगा. धंदा चलेगा."

आता तो अजून उशिरा येतो. शर्टावर दोऱ्यांचे तुकडे, कधी जरीचे. चप्पल तशीच ओढलेली. ती बाही मशीनच्या वर खिळ्याला टांगलीये आणि मशीनवर बरेच महिने चादर होती.

परवा रविवारी मशीनवरची ती चादर निघाली. डिसेंबर लागला, म्हाताऱ्याच्या पिशव्या गोळा करायच्या होत्या. केनीने दोन रिकामी पोती घेतली, एक मला दिलं, आणि आम्ही गेटागेटावर गेलो. गेटला अडकवलेली पिशवी तो नुसती उचलत नव्हता. कडी वाजवून माणसाला बाहेर बोलवायचा आणि विचारायचा, "जाळायचं की ठेवायचं?" जॅक्सन, आता विरारला नोकरीला आहे, तो म्हणाला, जाळायचं. आल्बिना मावशींनी एक चादर आणली, घडी घातलेली. बराच वेळ ती हातातच धरून होत्या. मग म्हणाल्या, अजून माहीत नाही, नंतर सांगते चाललं का? केनी म्हणाला, चालेल मावशी, एकतीसपर्यंत सांगा, आणि चादर त्यांच्याकडेच ठेवून पुढे निघाला.

जाळायचं पोतं माझ्या खांद्यावर होतं आणि ते जड झालं होतं. केनीच्या पोत्यात आळी संपेपर्यंत एकच कपडा होता, यमुना काकूंचा दुसरा पडदा. घरी येऊन त्याने तो मशीनवर पसरला, कडेने हात फिरवला आणि म्हणाला, "हं."

आतून आईने विचारलं, "सँड्रा, तू की केनी?"