शेणाचा नैवेद्य

त्याचं नाव कुणीच विचारलं नाही. माझ्या सासरी तो नुसता 'खतवाला' होता. सरकारी माणूस. मोहने गावाच्या बाजूने सायकल ढकलत यायचा, शेतातलं ढेकूळ उचलून हुंगायचा, ओटीवर पाणी प्यायचा आणि बोलायला लागायचा. आम्ही बायका पदराआड हसायचो.

जमीन थकलीय, पालापाचोळा आणि शेण भाताची रोपं पेरण्याआधी शेतात राब म्हणून जाळू नका, खड्ड्यात कुजवा, हे सांगून सांगून तो दमला, तेव्हा कुठे सासूबाईंनी खड्डा खणू दिला. खणताना रीतीप्रमाणे नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं.

महिन्याने तो आला, तर खड्डा लख्ख झाडलेला, काठावर रांगोळी. आत कचऱ्याची काडी नाही.

"नारल फोरलाय तिथं," सासूबाई म्हणाल्या. "त्यान शेन कसा टाकाचा?"

मला वाटलं, आता हा कपाळावर हात मारणार. त्याने चपला काढल्या. गोठ्यातून ओंजळभर शेण आणलं, खड्ड्यात ठेवलं आणि तशाच हातांनी नमस्कार केला.

"आजी, देव बसवलात आणि उपाशी ठेवलात? याचा नैवेद्य हाच."

सासूबाई त्या बरबटलेल्या हातांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतः शेणाची पाटी आणून ओतली.

पुढे त्याची बदली झाली असावी; तो परत आला नाही. त्या खताचं भात कापून नवा तांदूळ शिजला, तेव्हा सासूबाईंनी एक पान खड्ड्याशी ठेवलं आणि दुसरं रिकाम्या ओटीवर वाढलं.

"देवाला जेवू घातलान त्यानं," त्या म्हणाल्या, "आन त्याला आपुन कदी जेव बोललो नाय."