वरीलप्रमाणे

माझी थोरली बहीण शिंपीण. तिच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं; नीट लिहू शकेल असं कुणी उरलं नाही, म्हणून मी लिहितो आहे.

दुकानावर पाटी होती, 'बायकांचे कपडे शिवून मिळतील'. वरच्या तीन खोल्यांत नवऱ्याच्या माराला कंटाळून पळालेल्या बाया राहत. दवाखान्यातली नर्स चिठ्ठी देई, 'बाही उसवायची आहे'. चिठ्ठीवाली बाई माप द्यायला म्हणून पडद्यामागे जाई आणि जिना चढे. एकवीस वर्षांत शेजारच्या न्हाव्यालाही सुगावा लागला नाही, आणि त्याला कळत नाही असं गल्लीत काही नसतं.

या कामाची संस्था कंपनी म्हणून नोंदवलेली. कागदपत्रं माझ्याकडे, कारण माझा जन्म कारकुनीत गेला. मग नियम आला, प्रत्येक कंपनीनं आपला खरा मालक जाहीर करायचा. लबाडांना दुसऱ्याच्या नावाआड लपता येऊ नये म्हणून. नियम चांगलाच होता.

"असल्या कामाला कुठला आलाय मालक?" ताई म्हणाली.

"फॉर्म मागतोय. कारभार तुझ्या हातात, तुझंच नाव घालतो."

"घाल बाबा. जन्मात एकदा कशाची तरी मालकीण होऊ दे."

फॉर्मवर दोन पत्ते होते. राहता पत्ता, म्हणजे ताईचं हे दुकानच, जो सरकारी कार्यालयापाशीच राहणार. आणि पत्रव्यवहाराचा, जो इंटरनेटवर कुणालाही दिसणार. दुसऱ्या रकान्यात वकिलाचा पत्ता चालला असता. पण चाळीस वर्षांच्या सवयीनं माझ्या हातानं तिथं लिहिलं, 'वरीलप्रमाणे'. खाली कामाच्या रकान्यात, 'पीडित स्त्रियांना आसरा'. अक्षर सुंदर आलं होतं.

महिन्याभरात एक माणूस मोबाइल घेऊन दुकानात आला. मी काउंटरशी बसलो होतो.

"मालकीण तुम्हीच ना? यात लिहिलंय. माझी बायको कुठंय?"

"माप देऊन गेली असेल तर वहीत सापडेल. बसा," ताई म्हणाली आणि मशीन चालवू लागली. मशीन न थांबता चाललं की वरच्यांनी मागच्या जिन्यानं निघायचं, असं ठरलेलं होतं. सुईखाली कापड नव्हतं. पाऊण तास तो वही चाळत होता आणि ती नुसती पाय मारत राहिली. तो वर गेला तेव्हा खोल्या रिकाम्या होत्या.

वरच्या आठही जणी सुटल्या, त्याची बायकोही. पुढे नर्सनं सांगितलं, ती दुसरीकडे जागा मिळेना म्हणून त्याच्याकडेच परत गेली.

मी पत्ता बदलायचा फॉर्म घेऊन ताईकडे गेलो. जुना पत्ता पुसला जात नाही, नव्याखाली दिसत राहतो, हेही सांगून टाकलं.

"मग नवा कशाला? वर आहे कोण?" ती म्हणाली. फॉर्म माझ्याकडे सरकवला. "भर तू. तुला रिकामा रकाना बघवत नाही."

रागावली असती तर बरं झालं असतं. नर्सच्या चिठ्ठ्या बंद झाल्या आहेत. ताई दुकानात एकटी बसून बाह्या उसवते, गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या. फॉर्म माझ्या टेबलावर कोरा पडला आहे.