म्हशींचं डबकं आणि वरचं तळं

लिहितो लिहितो म्हणत दिवाळी अंकाची मुदत टाळत आलो. अंकाचं काम बघणारे मंडळाचे सर मला दर रविवारी इथे सुरतेत, बमरोलीच्या नाक्यावर धरायचे, "काय रे, उतरला का हिमालय कागदावर?" मी म्हणायचो, आज बसतोच. बसायचो पण. मग तो टूरवाला आठवायचा, डोकं तापायचं आणि मी उठून सायकलची चेन रॉकेलनं धुवायला घ्यायचो. चेन आता चकचकीत झाली आहे, धुवायला काही उरलं नाही. म्हणून लिहितो. डोकं अजून तापलेलंच आहे, तेवढं सांभाळून घ्या.

माझं जाणं ठरलं ते असं. पर्वत पाटियाच्या मार्केटात मी साड्यांचे पोटले, म्हणजे गठ्ठे, उचलतो. पावसाच्या शेवटी धंदा मंद होता, तेव्हा एक टूरवाला व्यापाऱ्यांची टोळी घेऊन कुल्लूकडच्या एका उंच तळ्यावर निघाला होता. सामान चढवायला-उतरवायला माणूस हवा होता, भाडं अर्धं. नववीत शाळा सोडली तेव्हापासून कुणी 'चल' म्हटलं की माझे पाय आधी निघतात. त्या माणसाचं नाव मी लिहीत नाही, तळ्याचंही नाही. नाव छापलं की त्याची फुकट जाहिरात होईल.

आमच्या चाळीतल्या सुमनमावशीही निघाल्या, पूर्ण भाडं भरून. त्यांचे यजमान, आमचे दगाकाका, ट्रक चालवायचे. सुरतेहून कुल्लूकडे कापड न्यायचं, तिकडून सफरचंदं आणायची. त्यांची मुलगी लहानपणी तापानं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा काका त्या तळ्यावर जाऊन बोलून आले होते की पोरगी उठली तर जोडीनं येऊन आंघोळ करू. पोरगी उठली, आता साड्यांवर टिकल्या लावते आणि मला शहाणपण शिकवते. पण मधे अपघातात काकांचा पाय गेला, आणि नवस राहिला तो राहिलाच. म्हणून मावशी एकट्याच निघाल्या, काकांचा गमछा पिशवीत घेऊन. तो पदराला बांधून बुडी मारली की जोडीची आंघोळ होते, असं आमच्याकडे मानतात.

सुरत ते दिल्ली रेल्वे, पुढे रात्रभर बस. जाणाऱ्यांनी बसच्या मागच्या सीटवर अजिबात बसू नये. मी बसलो, कारण पुढच्या सीटांवर खाखऱ्यांचे डबे बसले होते. खरंच. डब्याला सीट आणि माणसाला टायरचा उंचवटा. कुल्लूच्या पुढे रस्ता अरुंद होतो, दरड पडलेली असली की दोन-दोन तास चहा पीत थांबायचं. चहा चांगला असतो, राजमा-चावल स्वस्त आणि गरम. आमच्या मंडळींनी मात्र एकदाही तिथलं खाल्लं नाही. मी एका धाब्यावर राजमा खात बसलो, समोरचा माणूस लोकर कशी काततो ते बघत राहिलो, आणि बस सुटायला आली तेव्हा रमणिकभाई खिडकीतून ओरडले, "ए हीरो, तारा लगन अहीं ज करवाना छे के?" म्हणजे, तुझं लग्न इथेच लावायचं का. रमणिकभाई साडीचे व्यापारी, सोबत त्यांच्या पत्नी, कोकिळाबेन.

शेवटच्या गावापासून पायी चढ. बूट रबरी तळव्याचे घ्या, कापडी घेऊ नका; मावशींनी कापडी घेतले होते आणि पहिल्याच ओढ्यात ते भिजून जड झाले. देवदारांतून चिखलाची वाट, मग कुरणं. दुसऱ्या दिवशी दुपारी टूरवाला एका सपाटीवर थांबला. भोजपत्राची वाकडी झाडं, मध्ये हिरवट पाणी. त्यानं हात पसरले, "लो भाई, आवी गयुं!"

सगळ्यांनी जयजयकार केला, फोटो काढले. कोकिळाबेन कुडकुडत पाण्यात उतरल्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी, हात जोडलेले. मावशींनी गमछा पदराला बांधला, बुडी मारली, ओंजळभर पाणी प्यायल्या. बाहेर आल्या त्या झाडांकडे बघत राहिल्या.

"काय झालं मावशी? थंडी वाजते?"

"तठे एक झाड नही, अस्सं सांगेल व्हतं यास्नी," त्या म्हणाल्या. "नवसना दोरा बांधाले झाड सापडनं नही, दगडले बांधा म्हणे. आठे त इतली झाडं शेत."

मी म्हटलं, काका आले तेव्हा नसतील, झाडं नंतर उगवली असतील. म्हटलं खरं, पण ते डोक्यातून जाईना. मला पातेली घासायची होती. ती तशीच ठेवून, डबक्यात पाणी कुठून येतं ते बघत मी ओढ्याच्या कडेनं वर निघालो. थोडं चढलो तोच वरून पाच-सहा पहाडी बायका गाणं म्हणत उतरत आल्या, केस ओले, कानांत पिवळी फुलं.

एकीनं विचारलं, "नहा आए, भाई?"

मी खाली बोट दाखवलं. त्यांचं गाणंच थांबलं. मग अशा हसल्या की एकीला वाटेतच बसावं लागलं. "वहाँ तो गुज्जरों की भैंसें नहाती हैं! झील तो ऊपर है, भाई, ऊपर!" (गुज्जर म्हणजे म्हशी घेऊन डोंगरात फिरणारे तिकडचे गवळी, आपले गुजराती नव्हेत.)

तुम्हीच सांगा, माणसाला राग येणार नाही? मार्केटात नमुना एक दाखवून माल दुसरा पाठवणारे मी रोज बघतो. पण तिथे निदान माल परत येतो. बुडी कशी परत करायची? नवस फेडायला आलेल्या बाईला म्हशींच्या डबक्यात बसवून ओंजळ प्यायला लावली या माणसानं!

मी तडक खाली आलो आणि जेवणाच्या पंगतीत सगळ्यांसमोर बोललो. टूरवाला हसला. "मला तर हेच ठाऊक होतं. मी पण पहिल्यांदाच आलो ना! भूल थई गई."

"मग उद्या वर चला."

"उद्या परत निघायचं. बस कोणासाठी थांबत नाही."

रमणिकभाई थेपल्याचा तुकडा मोडत म्हणाले, "पाणी तो पाणी छे, भाई. माथाकूट नी कर."

पण खऱ्या भडकल्या त्या कोकिळाबेन. "तने कोणे कह्युं हतुं बोलवानुं?" त्या उठूनच उभ्या राहिल्या. "माझं छान झालं होतं. मला वर चढवणार नाही, हे तुला दिसत नाही? मग सांगितलंस कशाला? आता घरी काय घेऊन जाऊ मी, म्हशींचं पाणी?"

राग टूरवाल्यावर यायचा तर तो माझ्यावर! कुणी त्याला एक शब्द विचारला नाही. त्याला लोणचं वाढलं.

मावशींनी ताट सारलं. मला म्हणाल्या, "मी सकाय वर जासू. तू येस का नही, तेवढं सांग."

सकाळी मंडळी खाली निघाली, आम्ही दोघं वर. झाडं संपली, मग गवतही संपत आलं, नुसते दगड. मावशी चार पावलं टाकायच्या आणि बसायच्या. लसणाच्या पाकळ्या चघळत होत्या. डोकं दुखू नये म्हणून मीही चघळल्या, दुखायचं ते दुखलंच. मी एकदा म्हटलं, इथूनच हात जोडा, देव समजून घेईल. त्यांनी बुटाची नाडी घट्ट बांधली आणि माझ्या पुढे चालू लागल्या.

आणि तळं. मला त्याचं वर्णन येत नाही. काळंनिळं, गप्प, कडेला बर्फाचा मळका पट्टा. एक झाड नाही. दगडांना दोरे बांधलेले, पावसानं पांढरे पडलेले. मावशींनी सगळे दगड पाहिले. कोणता काकांचा ते कसं कळणार? मग गमछा पुन्हा पदराला बांधला आणि उतरल्या. पहिला शब्द आला तो असा:

"आई वं! इतलं थंड! यास्नी नवस बोलताना पाण्यामां हात तरी घालेल व्हता का?"

मी हसत पाठ वळवली, आणि समोरच्या खडकावर लाल ऑइलपेंट दिसला. हातभर अक्षरं. टूरवाल्याचं नाव, खाली 'सुरत'. रंग उन्हापावसानं उडत आलेला, म्हणजे जुना. पहिल्यांदाच आलो ना, म्हणे! वाट ठाऊक, तळं ठाऊक, खडकाला रंग फासून ठेवलेला, आणि तरी माणसांना अर्ध्यावर बसवलं, का तर वरचा चढ चढवायला दिवस जातो. दगडानं खरवडून काढायला बघितलं. माझी नखं तुटली, रंग निघाला नाही.

आमची तिकिटं त्याच्याकडे एकत्र होती, ती घेऊन तो निघून गेला. (तिकीट नेहमी स्वतःच्या खिशात ठेवा. हे एवढं तरी लक्षात राहू द्या.) सफरचंदांच्या ट्रकमधून खाली, दिल्लीहून जनरलच्या डब्यात. मावशी गमछा मांडीवर वाळवत बसल्या होत्या. रतलामनंतर मलाही बसायला जागा मिळाली.

सुरतेत पोचलो तर आमची कीर्ती आधीच पोचली होती. मार्केटभर झालं होतं की मी टोळीत भांडण लावून एका म्हाताऱ्या बाईला घेऊन पळालो. खडकाचं सांगितलं तर लोक म्हणतात, सोड ना, आता काय. सगळ्यांना सोडायचीच घाई! दगाकाकांनी मात्र एकच केलं. गमछा खांद्यावर टाकला, कुबडी घेतली आणि चहाच्या टपरीपर्यंत जाऊन सगळ्यांना पाणी किती थंड असतं ते सांगत बसले, जणू स्वतःच बुडी मारून आलेत.

ते सोडलं तर माझ्यापाशी काय राहिलं? तळं राहिलं, डोळे मिटले की दिसतं. आणि कोकिळाबेनचं बोलणं राहिलं. टूरवाल्याला मी शंभरदा शिव्या देईन, पण ज्यांना वर जाता येणार नाही त्यांना खरं सांगावं की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. सांगितलंच पाहिजे, असं वाटतं. मग त्यांचे जोडलेले हात आठवतात आणि लिहिलेलं खोडावंसं वाटतं.

थांबा, मावशींची पोरगी जिन्यावरून हाका मारते आहे. कोकिळाबेन आल्यात म्हणे, आमच्या चाळीत, रिक्षानं, एकट्याच, रमणिकभाईंना न सांगता. चपला बाहेर काढून मावशींच्या ओट्यावर बसल्यात आणि विचारतायत, वरच्या चढाला गुडघे फार दुखतात का.