शेवंताबाईंचा जबाब

अकोल्याच्या तुरुंगात माझा देवावरचा विश्वास जवळजवळ उडाला होता. मूर्तिजापूरजवळच्या एका गावात कमल नावाच्या विधवेला तिच्या दिरांनी शेतातून हाकलले होते. नवऱ्याच्या वाट्यावर तिचा हक्क होता, पेरणीही तिनेच केली होती. म्हणून आम्ही महिला संघटनेच्या बारा जणी तिच्यासोबत तयार झालेली तूर सोंगायला, कापायला गेलो. मार आम्ही खाल्ला. चोरी आणि मारहाणीची तक्रार मात्र संघटनेची पुढारी म्हणून माझ्यावर झाली. जामीन नाकारला गेला.

तिसऱ्या आठवड्यात अमरावतीहून माझे यजमान भेटीला आले. दिरांनी कागद पाठवला होता. चूक माझीच होती आणि त्या गावात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही, असे लिहून दिले की ते तक्रार मागे घेणार होते. यजमान जाळीपलीकडून म्हणाले, "पोरीची दहावी हाये. पोरगी पुस्तकच उघडत नाही. सही कर अन् घरी चाल." सही केली तर शेत दिरांचेच ठरणार आणि कमलचा दावा संपला, हे मला कळत होते. तरी मी म्हणाले, "उद्या या. करते."

लहानपणी आई मला गुरुकुंज आश्रमात प्रार्थनेला नेत असे. संध्याकाळची प्रार्थना तेव्हापासून कधी चुकली नव्हती. त्या दिवशी ओठच उघडेनात, नुसते रडू येत होते. बराकीत माझ्या शेजारी असलेल्या सुमनबाई, बुद्धवंदना करणाऱ्या, आपली वंदना आटोपून जवळ आल्या. "कावून रडून राहिल्या?" त्यांनी कारण विचारले तसे मी सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "मी काही देव मानत नाही बाई. पण तुमी मानता नं? मंग त्याले एक दिवस तं द्या. सही काय, परवा बी होते."

मला हसू आले. मग डोळे मिटून एवढेच म्हटले, "मला आता कळेनासे झाले आहे. तू बघ." आणि झोपले.

सकाळी भेटीसाठी बोलावले. यजमान असतील असे वाटले. पण जाळीपलीकडे आमच्या वकिलांसोबत शेवंताबाई उभ्या होत्या. कमलची सासू. तूर सोंगताना शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, आम्हाला शिव्या देणारी.

"माया पोरायनं खोटं सांगतलं," त्या खाली बघून म्हणाल्या. "मारलं त्यायनंच. मले बी नवरा मेल्यावर असंच हाकललं होतं. काल सांजेपासून घास उतरला नाही माया. जजसायबापुढं सांगीन मी."

दुपारी आलेल्या यजमानांना मी सहीला नाही म्हटले. शेवंताबाईंनी कोर्टात तसा जबाब दिला. आठ दिवसांत मला जामीन मिळाला. खटला अजून चालू आहे. पण कोर्टाच्या हुकुमाने शेत कमलच्या ताब्यात आहे आणि शेवंताबाई तिच्याकडेच राहतात.

कुणी याला योगायोग म्हणते. मी वाद घालत नाही. लढणे मी सोडले नाही, फक्त शेवट माझ्याच हातात आहे हा ताठा सुटला. आता संध्याकाळी हात जोडते तेव्हा काही मागत नाही. दिवसभर जमेल तेवढे केलेले असते. उरलेले त्याच्या पायाशी ठेवते आणि स्वयंपाकाला लागते.