ज्ञानू डॉक्टरनं सुनेला सांगितलेली गोष्ट

ज्ञानूला सगळं नेसरी गाव डॉक्टर म्हणतं, पण तो माणसांचा डॉक्टर नव्हे. दूध संस्थेकडून बत्तीस वर्षं त्यानं कृत्रिम रेतनाचं काम केलं. म्हस माजावर आली की त्याला सांगावा जायचा. खांद्यापर्यंत प्लास्टिकचा हातमोजा चढवायचा, शेपटी बाजूला सारायची आणि हात आत. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तसाच हात घालून सांगायचा, "गाभण हाय. पेंड वाढवा." हे सगळं भर गल्लीत, बायापोरांसमोर, पान चघळत.

तोच ज्ञानू सहासष्टाव्या वर्षी स्वतःची लघवीची धार बारीक झाली तर कुणापाशी बोलेना. गडहिंग्लजला गुपचूप रक्त तपासून आला. पीएसए नावाचा आकडा वाढला होता. पुन्हा तपासला, तरी उतरला नाही. मग कोल्हापूर झालं, एमआरआय झाला, आणि डॉक्टर गुरुप्रसाद म्हणाले, "आबा, आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच असतो असं नाही. वयानं प्रोस्टेट वाढतं, सूज असते, तरी तो वाढतो. पण एका जागी शंका आहे. तुकडे काढून तपासल्याशिवाय कळणार नाही."

"सुई लावली की पसरतंय म्हणत्यात."

"कोण म्हणतं?"

"सगळी म्हणत्यात की."

"सगळ्यांना विचारा, कुणी बघितलंय का. या सुईनं ते पसरत नाही."

"आन् सुई घालणार कुठनं?"

डॉक्टरांनी सांगितलं, संडासाच्या जागेतून. ज्ञानूनं भिंतीवरच्या चित्राकडं बघितलं आणि म्हणाला, "हातमोजा कुठवर घालताय तुमी?"

डॉक्टरांनी चालू गोळ्या विचारल्या, तेवढं त्यानं खरं सांगितलं. हृदयात स्प्रिंग बसवल्यापासून रक्त पातळ करायची गोळी चालू होती. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ती थोडे दिवस बंद केली. घरात मात्र मुतखडा तपासायचाय म्हणून सांगितलं. बायको धोंडुबाई बरोबर गेली आणि दवाखान्यात बाहेरच्या बाकड्यावर बसली.

आत ज्ञानूला कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी. बधिर करायचं इंजेक्शन मुंगळा चावल्यागत लागलं. मग खटका. प्रत्येक खटक्याला एक तुकडा, असे बारा. दुखण्यापेक्षा आवाजानंच अंग आखडत होतं. पंधरा-वीस मिनिटांत मोकळा. निघताना नर्सनं कागद वाचून दाखवला. लघवीतून काही दिवस रक्त येईल, संडासातून थोडं येईल, वीर्य महिनाभर तांबूस दिसेल, घाबरू नका. पण थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा रक्ताच्या गुठळ्या पडल्या, तर क्षणभर थांबायचं नाही, या नंबरवर फोन करायचा. "घरात कुणाला तरी हे वाचायला द्या बरं का, आबा." ज्ञानूनं 'व्हय' म्हटलं आणि कागदाची घडी कोपरीच्या आतल्या खिशात घातली.

तिसऱ्या दिवशी जेवणवेळेला त्याला थंडी भरली. दात वाजायला लागले. धोंडुबाईनं दोन वाकळा टाकल्या. "काल सोसायटीत पंख्याखाली बसलासा, तवाच म्हटलं."

मुलगा सम्राट नोकरीला पुण्यात. सून स्वप्नाली दारात येऊन म्हणाली, "आबा, गावातल्या डॉक्टरांना बोलावते. एक इंजेक्शन देतील."

"काय नगं. घाम आला की उतरंल."

ती वळली आणि वाकळेत ज्ञानूला जुन्या म्हशी आठवायला लागल्या. व्याल्यावर जार, म्हणजे वार, आत अडकला की मालक हातानं ओढून काढायचे, आणि तिसऱ्या दिवशी जनावर थंडीनं कापायला लागलं की ज्ञानूला बोलावून म्हणायचे, वैरण बदलली म्हणून आसंल. तो खोदून विचारायचा, ते छातीठोक खोटं बोलायचे. म्हस जायची. "जनावराला बोलता येत न्हाय आन् तुला येतंय तर तू बोलत न्हाईस!" म्हणून त्यानं किती जणांना गोठ्यातच झापलं होतं. आज मालकही तोच आणि जनावरही तोच.

सून घरात आल्यापासून आठ वर्षं तो खाकरल्याशिवाय आत पाऊल टाकत नव्हता. "चहा ठेवू का?" "ठेव." यापुढं दोघांचं बोलणं गेलं नव्हतं. त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

"पोरी, खुटीवरच्या कोपरीत कागद हाय. वाच."

तिनं वाचला. "आबा, हे मुतखड्याचं न्हाय."

"न्हाय. पाठीमागनं सुया घातल्यात. बारा डाव. कॅन्सर हाय का बघाय."

धोंडुबाईनं कपाळावर हात मारला. "आरं माझ्या कर्मा! आन् म्या बाकड्यावर बसून चार जणास्नी कुळथाचं पाणी सांगितलं की!"

स्वप्नालीनं फोन लावला. पलीकडून डॉक्टर म्हणाले, कोल्हापूरला यायच्या नादात दोन तास घालवू नका, गडहिंग्लजच्या मोठ्या दवाखान्यात न्या, आणि पोचल्या पोचल्या बायोप्सी झालीय हे सांगा. दारात गाडी होती, ती तिनंच काढली. दवाखान्यात खिडकीवरच्या माणसानं "काय त्रास?" विचारल्यावर तिनं दहा माणसांसमोर मोठ्यानं सांगितलं. ज्ञानूनं डोळे मिटून घेतले. पण अर्ध्या तासात सलाईन आणि शिरेतनं औषध सुरू झालं. रक्तात जंतू गेले होते. "संध्याकाळपर्यंत थांबला असता तर हाताबाहेर गेलं असतं," तिथले डॉक्टर म्हणाले. चार दिवस तो तिथंच होता.

पुढच्या आठवड्यात रिपोर्टसाठी कोल्हापूरला नाव पुकारलं, तेव्हा ज्ञानू उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला.

"स्वप्नाली, तू बी चल आत."

"मी? आई येतील की."

"ती बसू दे. तू चल."

बारापैकी दोन तुकड्यांत कॅन्सर होता, सावकाश वाढणाऱ्या जातीचा. डॉक्टर म्हणाले, आत्ता कापाकापी नको, पण पाळत ठेवायची. ठरल्या वेळी रक्त तपासायचं, वर्षभरात कदाचित पुन्हा सुई.

"पुन्हा असाच ताप आला तर?" स्वप्नालीनं विचारलं.

"पुढच्या खेपेला मांड्यांच्या मधल्या कातडीतून घालू. तिथनं जंतू जायची भीती कमी. आबा, लघवीचं कसं आहे?"

ज्ञानूनं सुनेकडं बघितलं. मग डॉक्टरांकडं.

"धार बारीकच हाय. आन् उठाय उशीर झाला की धोतर भिजतंय."

"कधीपासनं, आबा?" तिनं विचारलं.

"झालं की दीड वरीस."

"दीड वर्ष," ती डॉक्टरांना म्हणाली, आणि सोबत आणलेल्या वहीत लिहून घेतलं.