सात दिवसांचं औषध

माझे बुद्धघोष मामा लासुर्ण्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात. त्यांनी मारलेला जोड सुटला असं कुणी सांगून दाखवावं. पण वेल्डिंग करताना तोंडापुढं काच धरायचा त्यांना कंटाळा. मग संध्याकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखं चुरचुरायचं. आठ वर्षांपूर्वी एका डॉक्टरनं सात दिवसांसाठी थेंब लिहून दिले. एका मिनिटात थंड वाटलं आणि तेव्हापासून बाटली कायम खिशात. संपली की रिकामी बाटली मेडिकलमध्ये दाखवायची, नवी मिळायची. गेलं वर्षभर तर मीच बारामतीतून नेत होते, कॉलेज सुटलं की. चिठ्ठी कुणी मागितलीच नाही.

हल्ली मामा दाराच्या चौकटीला धडकायचे. मामी म्हणायची, "ह्यांना आता घर अरुंद पडाया लागलंय." आम्ही हसायचो. परवा बाजूनं आलेला उसाचा ट्रॅक्टर त्यांना दिसलाच नाही, थोडक्यात वाचले. मग मीच त्यांना बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं ओढत आणलं.

तिथं एका मशीनपुढं बसवलं. उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मामा नुसते बसून.

"मामा, दाबा की."

"लाईट लागू दे की, मग दाबतो."

तपासणाऱ्या ताईंनी माझ्याकडं बघितलं. ठिपके कधीचे लागत होते. मला स्क्रीनवर दिसत होते.

डोळ्यातला दाब अडतीस निघाला. एकवीसच्या आत पाहिजे म्हणे. "कुठलं औषध टाकता?" डॉक्टरांनी विचारलं.

मामांनी कौतुकानं बाटली पुढं केली. "हे. लय भारी हाय."

"यात स्टेरॉईड आहे. आग थांबते, पण सारखं टाकलं तर काही जणांचा दाब वाढतो आणि डोळ्याची नस मरते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. कडेची नजर गेलीय तुमची, ती परत येणार नाही. उरलीय ती सांभाळू."

ती बाटली मी सोमवारीच आणली होती.

"घरात अजून कुणी टाकतं का हे?"

मामांनी बाटलीकडं बघितलं. "धाकटी पोरगी. प्रगती. उन्हाळ्यात डोळं लय चोळती, म्हणून मीच टाकतो."

मामीला फोन केला. दुपारच्या एसटीनं दोघी आल्या. प्रगती आठ वर्षांची, चष्मा लागणार म्हणून खुशीत, गुलाबीच घेणार म्हणत होती. तिचा दाब सव्वीस. डॉक्टर तिच्या डोळ्यात लाईट टाकून बघतच राहिले.

"माझं ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले, "तिचं सांगा."

"नस चांगली आहे. हे थेंब आजच बंद करा, दाब बहुतेक खाली येईल. दोन आठवड्यांनी परत आणा."

"मग चष्मा न्हाय का?" प्रगतीनं विचारलं.

"न्हाय गं," मामा म्हणाले आणि तिला जवळ घ्यायला हात पुढं केला. ती त्यांच्या शेजारीच उभी होती. अख्खी मान वळवली तेव्हा कुठं ती त्यांना दिसली.