मामाची अट

निघोजजवळ कुकडी नदीने खडक कोरून रांजणांसारखे खळगे केले आहेत. तिथे मुलांना घेऊन जायला माझ्या भावाने शिट्टी, काठी आणि हिमालयात शोभतील असे बूट आणले. सहलीला तो मोहीम म्हणत होता.

काठावर देवीचं देऊळ आहे, आणि आमच्याकडे देवीपुढचा नारळ पुरुषच फोडतात. माझ्या सहा वर्षांच्या लेकीला तो फोडायचा होता. मामाने अट घातली, "सगळं पात्र चालायचं. ज्याला उचलावं लागेल, त्याला नारळ नाही."

लेक चपला हातात घेऊन, बसत, सरकत पुढे गेली. मामा मागून शिट्टी वाजवून सूचना देत होता. मग त्याचे बूट घसरले आणि तो एका कोरड्या खळग्याच्या तळाशी अलगद जाऊन बसला. लागलं काहीच नाही, पण वर येता येईना. मी आणि वहिनीने दंडांना धरून त्याला बाहेर काढलं.

"मामा, तुला उचललं ना?" लेकीने विचारलं.

"ओढलं."

"व्हय, कांद्याच्या पोत्यासारखं," वहिनी म्हणाली.

काठावरच्या देवळात मामाने नारळ भाचीच्या हातात दिला. तिने तो जोरात आपटला. अर्धं पाणी मोहिमेच्या बुटांवर सांडलं.